ग्रंथालयातील संगणक आणि भिंतीवरचे नियम

अमेरिकेतील एखाद्या लहान गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात शिरले, की पुस्तकांच्या कपाटांजवळच सात-आठ संगणकांची एक रांग बहुधा दिसते. गावातल्या कोणीही यावे, बसावे आणि इंटरनेट वापरावे. त्यासाठी पैसे पडत नाहीत. नोकरीचा अर्ज भरणारे मध्यमवयीन गृहस्थ, गृहपाठ करणारी मुलगी, राहायला घरच नसलेला एखादा माणूस, अशी मंडळी तेथे शेजारीशेजारी बसतात. जवळच नियमांचा एक कागद लावलेला असतो. ग्रंथालयाच्या कार्डाचा क्रमांक टाकून सुरुवात करावी. एका वेळी एक तास मिळेल. कोणी वाट पाहत नसेल तरच मुदत वाढेल. संगणकात काही साठवू नये, साठवल्यास ते पुसले जाईल. काही पाने उघडणार नाहीत. छपाईचे पैसे पानामागे द्यावे लागतील. गावागणिक तपशील बदलतात, पण गाभा साधारण हाच.

आपल्या शाळांतील संगणक कक्षाच्या दारावरही असाच एखादा कागद असतो. तो कोणीतरी एका दुपारी बसून तयार केलेला असतो आणि नंतर फारसा कोणी वाचत नाही. या नियमांमागचे विज्ञान समजून घेण्यासारखे आहे. प्रयोगशाळेत एखादी अभिक्रिया घडवताना आपल्याला हवा तो पदार्थ तर मिळतोच, पण सोबत उपउत्पादनेही तयार होतात आणि त्यांची विल्हेवाट लावावी लागते. नियमांचेही असेच असते. मुख्य हेतू सफल होतो, पण सोबत असे काही तयार होते की ज्याचा विचार नियम करणाऱ्याने केलेला नसतो. अमेरिकेतील ग्रंथपालांना गेल्या तीस वर्षांत हा विचार करणे भाग पडले. त्यांचा अनुभव आपल्या कामी येईल.

सुरुवात सर्वांत साध्या नियमापासून करू. एक तासाची मुदत कशासाठी? उत्तर उघड आहे: संगणक थोडे, माणसे जास्त. पण या नियमाचे यश मुदतीपेक्षा रांग कशी लावली यावर अवलंबून असते. समजा आठ संगणक आहेत, आठही भरलेले आहेत आणि प्रत्येक जण वेगवेगळ्या वेळी येऊन बसलेला आहे. तुम्ही एका विशिष्ट संगणकामागे उभे राहिलात, तर तेथील माणसाची शून्य ते साठ यांपैकी कितीही मिनिटे उरलेली असू शकतात. म्हणजे तुम्हाला सरासरी तीस मिनिटे थांबावे लागेल. पण आठही संगणकांसाठी मिळून एकच रांग असेल आणि तुम्ही तिच्यात पहिले असाल, तर आठांपैकी जो कोणी आधी उठेल त्याची जागा तुमची. आता सरासरी प्रतीक्षा साठ भागिले नऊ, म्हणजे सात मिनिटांहूनही थोडी कमी होते. (आठ माणसांची उरलेली मिनिटे हे शून्य ते साठ या रेषेवर सहज टाकलेले आठ बिंदू मानले, तर ते रेषेचे सरासरीने नऊ सारखे भाग करतात. पहिल्या भागाची लांबी हीच तुमची प्रतीक्षा. अकरावी-बारावीच्या वर्गात खडू आणि चिठ्ठ्या घेऊन हा प्रयोग जरूर करून पाहावा.) संगणक तेवढेच, मुदत तेवढीच, आणि प्रतीक्षा मात्र एक चतुर्थांशाहून कमी.

आता ही सामाईक रांग सांभाळणार कोण? पूर्वी मेजावर एक तक्ता ठेवलेला असे. त्यावर नाव आणि वेळ लिहायची. पुढे हे काम आज्ञावलीकडे गेले. वाचक कार्डाचा क्रमांक टाकतो, आज्ञावली त्याला संगणक नेमून देते, पडद्याच्या कोपऱ्यात उरलेली मिनिटे दाखवते आणि वेळ संपली की बंद करते. काम नेटके झाले. पण उपउत्पादन पाहा: कोण, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या संगणकावर बसले होते याची एक नोंद तयार झाली. ती करण्याचा कोणाचाही हेतू नव्हता. वेळ मोजायची म्हटल्यावर ती आपोआप झाली.

या नोंदीचे काय करायचे, हा प्रश्न ग्रंथालयांना नवा नव्हता. ज्यांनी जुन्या महाविद्यालयीन ग्रंथालयात पुस्तके घेतली आहेत, त्यांना खिशासारखी तिकिटे आठवत असतील. प्रत्येक सभासदाला ठरावीक तिकिटे मिळत. पुस्तक घेतले, की पुस्तकातले कार्ड काढून आपल्या तिकिटाच्या खिशात सरकवायचे आणि ही जोडी तारखेप्रमाणे पेटीत उभी करून ठेवायची. पुस्तक परत आले, की कार्ड पुस्तकात आणि तिकीट वाचकाच्या हातात. या पद्धतीला ब्राऊन पद्धत म्हणतात. तिची मौज अशी, की पुस्तक बाहेर असेपर्यंत ते कोणाकडे आहे हे ग्रंथपालाला अचूक कळते. ते परत आले, की पेटीत काहीच उरत नाही. विसरणे हे त्या पद्धतीतच शिवलेले आहे. याउलट नेवार्क नावाची दुसरी पद्धत होती. तीत पुस्तकाच्या कार्डावर सभासदाचा क्रमांक लिहीत आणि कार्ड भरेपर्यंत ते सगळे क्रमांक तसेच राहत. तुमच्या आधी ते पुस्तक कोणी नेले, हे कोणालाही काढता येई. दोन्ही पद्धतींनी पुस्तके सारखीच सुरक्षित राहिली असतील. पण एक पद्धत विसरते, दुसरी लक्षात ठेवते.

संगणकाच्या बाबतीत हाच पर्याय ग्रंथालयासमोर असतो. बसलेला माणूस उठेपर्यंत त्याचा क्रमांक आणि संगणक यांची जोडी लागतेच. तो उठल्यावर ती तोडून टाकता येते. आज किती जण बसले, सरासरी किती वेळ बसले एवढे आकडे ठेवले तरी अहवाल, अनुदान आणि नव्या संगणकाची मागणी, सगळे भागते. त्यासाठी नावाची गरज नसते. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील सांताक्रूझच्या ग्रंथालयात इंटरनेटसाठी नावे लिहिलेले कागद रोजच्या रोज यंत्रात घालून त्यांचे तुकडे केले जात होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा विक्षिप्तपणा वाटेल. वास्तविक ती ब्राऊन पद्धतच होती, फक्त तिकिटाऐवजी कागद.

कार्डाच्या नोंदीपेक्षा मोठी नोंद खुद्द यंत्रात होत असते. कोणती पाने पाहिली, कोणती फाईल उतरवली, कोणत्या खात्यात शिरलात, हे सारे संगणक आपल्या सोयीसाठी लिहून ठेवतो. घरी ती सोय असते. सार्वजनिक ठिकाणी पुढच्या माणसाच्या हाती आपली डायरी दिल्यासारखे होते. म्हणून ग्रंथालयांत पुनर्स्थापनेची युक्ती वापरतात. ती समजायला भूगोलाच्या तासाची मदत घेऊ. भिंतीवरच्या नकाशावर एक पारदर्शक कागद लावा आणि मुलांना त्यावर नद्या रंगवू द्या. तास संपला, की कागद काढून टाका. नकाशा जसाच्या तसा. संगणकातही मूळ चकतीवर काही लिहू देत नाहीत. प्रत्येक बदल वेगळ्या तात्पुरत्या जागी होतो आणि कोणता बदल कोठे आहे याची एक यादी ठेवली जाते. वाचताना संगणक आधी ती यादी पाहतो आणि तेथे काही नसेल तर मूळ चकती. यंत्र पुन्हा सुरू केले, की यादी टाकून दिली जाते. विषाणू शिरलेला असो, कोणी नको ती आज्ञावली बसवलेली असो किंवा अर्धवट लिहिलेला निबंध असो, सगळे एका झटक्यात नाहीसे होते. ‘संगणकात काही साठवू नये’ हा नियम येथून आला. वाचकाला तो जाचक वाटतो, पण तो त्याच्याच संरक्षणासाठी आहे.

येथे दोन गोष्टी विद्यार्थ्यांना नीट सांगायला हव्यात. पहिली, यादी टाकली म्हणजे तात्पुरत्या जागेवरची अक्षरे लगेच खरवडली गेली असे नाही. दुसरे काही त्यावर लिहिले जाईपर्यंत ती तेथे असू शकतात, फक्त तेथवर पोहोचायची वाट पुसलेली असते. दुसरी अधिक महत्त्वाची. पारदर्शक कागद फक्त त्या एका यंत्रावर असतो. तुम्ही ज्या संकेतस्थळावर गेलात त्याच्याकडे तुमच्या येण्याची नोंद राहतेच, आणि ग्रंथालयाला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या उपकरणातही राहू शकते. म्हणूनच उठताना खात्यातून रीतसर बाहेर पडावे, केवळ खिडकी बंद करून जाऊ नये. यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंतच्या दोन मिनिटांत शेजारी बसणाऱ्याला तुमचे टपाल उघडे मिळू शकते.

नोंद ठेवली किंवा न ठेवली याने खरोखर काय फरक पडतो, ते कनेक्टिकट राज्यात दिसले. तेथे पंचवीसहून अधिक ग्रंथालयांना संगणकसेवा पुरवणारी ‘लायब्ररी कनेक्शन’ ही त्यांची सहकारी संस्था आहे. जुलै २००५ मध्ये केंद्रीय तपास यंत्रणा एफबीआयचे अधिकारी संस्थेचे संचालक जॉर्ज ख्रिश्चन यांच्याकडे एक पत्र घेऊन आले. १५ फेब्रुवारी २००५ रोजी दुपारी चार ते पावणेपाच या वेळात एका विशिष्ट इंटरनेट पत्त्याचा वापर करणाऱ्यांची माहिती द्या, अशी मागणी होती. पत्रावर कोणा न्यायाधीशाची सही नव्हती. कायद्याने तशी गरजच नव्हती. शिवाय असे पत्र आल्याचे कोणालाही सांगायला मनाई होती.

या मागणीतली तांत्रिक अडचण लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रंथालयातल्या संगणकांना आतल्या आत वेगवेगळे पत्ते असतात, पण बाहेरच्या जगाला बहुधा सर्वांचा मिळून एकच पत्ता दिसतो. शाळेच्या पत्त्यावरून गेलेले पत्र कोणत्या मुलाने लिहिले हे पाकिटावरून कळत नाही, तसेच. त्या पाऊण तासात नेमके कोण बसले होते, हे पाच महिन्यांनंतर सांगता येण्यासारखे नव्हते. म्हणजे मागणी पुरी करायची तर एका संशयितासाठी त्या वेळी तेथे आलेल्या अनेक वाचकांची माहिती सुपूर्द करावी लागली असती. ख्रिश्चन आणि त्यांचे तीन सहकारी, बार्बरा बेली, पीटर चेस आणि जॅनेट नोसेक, यांनी नकार देऊन न्यायालयात धाव घेतली. दाव्यात त्यांना स्वतःचे नाव लावता येत नव्हते. सुनावणी ब्रिजपोर्टला झाली तेव्हा त्यांना त्या दालनात बसण्याचीही परवानगी नव्हती. हार्टफर्डच्या न्यायालयातील एका बंद खोलीत बसून त्यांनी आपलाच दावा पडद्यावर पाहिला. सप्टेंबर २००५ मध्ये न्यायाधीशांनी बोलण्यावरील बंदीविरुद्ध निकाल दिला. तरी सरकारने अपील केल्यामुळे ती २००६ च्या वसंतापर्यंत चालूच राहिली. दरम्यान, मार्च २००६ मध्ये त्या कायद्याची मुदत वाढवली गेली. ज्या चौघांना त्याचा प्रत्यक्ष अनुभव होता, त्यांना त्या चर्चेत तोंड उघडता आले नाही. जून २००६ मध्ये सरकारने ते पत्रही मागे घेतले.

गुन्ह्याचा तपास होऊच नये असे कोणी ग्रंथपाल म्हणत नव्हते. न्यायालयाचे वॉरंट आणा, असे त्यांचे म्हणणे होते. पण मला या प्रकरणातून अधिक महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट. जी नोंद अस्तित्वातच नाही ती कोणी मागू शकत नाही, चोरू शकत नाही आणि चुकून उघडीही पडत नाही. वर्षानुवर्षे जपलेल्या नोंदींना कुलूप लावत बसण्यापेक्षा, नको ती नोंद न ठेवणे हे तांत्रिक दृष्ट्या कितीतरी सोपे आहे.

भिंतीवरच्या ज्या नियमाने सर्वांत जास्त वाद झाला तो मात्र वेगळाच: ‘काही पाने उघडणार नाहीत’. अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर २००० मध्ये मुलांच्या इंटरनेट संरक्षणाचा कायदा केला. त्यानुसार इंटरनेटसाठी केंद्राची सवलत किंवा अनुदान घेणाऱ्या शाळा आणि ग्रंथालयांनी प्रत्येक संगणकावर अश्लील चित्रे अडवणारी गाळणी बसवणे आवश्यक झाले. ग्रंथपालांची राष्ट्रीय संघटना न्यायालयात गेली. २००२ मध्ये फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने ग्रंथालयांपुरता हा कायदा रद्द केला. जून २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो पुन्हा वैध ठरवला. एखाद्या प्रौढ वाचकाने विनंती केली तर गाळणी काढता येते, या गोष्टीला त्या निकालात मोठे महत्त्व होते.

मुलांना घाणेरडी चित्रे दिसू नयेत याबद्दल शिक्षकांना वेगळे सांगायला नको. प्रश्न आहे तो गाळणी हे काम कसे करते याचा. त्या काळच्या गाळण्यांना चित्र ओळखता येत नव्हते. त्या शब्द शोधत किंवा आधी तयार केलेल्या याद्या पाहत. कायदा चित्रांविषयी होता आणि गाळणी शब्दांवर चालत होती! इंग्लंडमध्ये स्कन्थॉर्प नावाचे गाव आहे. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधली चार अक्षरे मिळून एक शिवी होते. एवढ्यावरून १९९६ मध्ये तेथील रहिवाशांना एका मोठ्या इंटरनेट कंपनीत खाते उघडता येईना. गाळणीला गाव कळत नाही, अक्षरे कळतात.

आजच्या गाळण्या पुष्कळ सुधारल्या आहेत. तरीही एक अडचण गणितातच आहे आणि ती सुधारणेने पूर्ण जात नाही. समजा, एका ग्रंथालयात दिवसभरात १०,००० पाने उघडली जातात आणि त्यांपैकी ५० खरोखर आक्षेपार्ह आहेत. गाळणी चांगली आहे: आक्षेपार्ह पानांपैकी ९० टक्के अडवते आणि निर्दोष पानांपैकी फक्त २ टक्के चुकून अडवते. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) आता हिशेब करा. ५० पैकी ४५ अडली, ५ सुटली. उरलेल्या ९,९५० निर्दोष पानांचे २ टक्के म्हणजे १९९ चुकून अडली. एकूण अडलेली पाने २४४. त्यांतली १९९, म्हणजे पाचांतली चार, निर्दोष! गाळणी वाईट आहे म्हणून असे झाले नाही. शोधायची गोष्ट दुर्मीळ असली, की चांगल्या चाचणीचेही असेच होते. दुर्मीळ रोगाच्या सरसकट चाचणीत निरोगी माणसेच जास्त घाबरवली जातात, त्यामागचे कारणही हेच.

ही १९९ पाने कोणाची असतात? स्तनाच्या कर्करोगाची माहिती शोधणाऱ्या बाईची, मासिक पाळीविषयी किंवा आपल्यावर झालेल्या अत्याचाराविषयी काही वाचू पाहणाऱ्या मुलीची. प्रौढाने ग्रंथपालाकडे जाऊन ‘हे पान उघडून द्या’ म्हणायचे, ही तरतूद कागदावर ठीक आहे. पण रांगेतल्या लोकांसमोर ते वाक्य उच्चारण्याचे धैर्य किती जणांना होईल? आणि पंधरा वर्षांच्या मुलीला तर तीही सोय नाही. ती गुपचूप उठून जाते. सुटलेल्या पाच पानांची तक्रार येते, अडलेल्या १९९ पानांची येत नाही. त्यामुळे ‘आमची गाळणी उत्तम चालते’ असे संचालकांना प्रामाणिकपणे वाटत राहते.

एक तांत्रिक बदलही ध्यानात घ्यावा. आता बहुतेक संकेतस्थळांशी होणारा व्यवहार सांकेतिक रूपात होतो. वाटेत बसलेल्या गाळणीला बहुधा पाकिटावरचे संकेतस्थळाचे नाव तेवढे वाचता येते, आतले पान दिसत नाही. मग एका पानासाठी ती सबंध संकेतस्थळ बंद करते. एका पुस्तकासाठी सगळे कपाट कुलूपबंद करावे, तसा हा प्रकार.

आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणच्या इंटरनेटचे नियम दुसऱ्या दिशेने गेले. केंद्र सरकारने २०११ मध्ये सायबर कॅफेंसाठी नियमावली काढली. तीनुसार ओळखपत्र पाहिल्याशिवाय कोणाला संगणक द्यायचा नाही. नाव, पत्ता, येण्या-जाण्याची वेळ यांची नोंदवही ठेवायची. ती नोंदवही आणि पाहिलेल्या संकेतस्थळांचा इतिहास किमान एक वर्ष जपायचा. आडोशांची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नसावी आणि उघड्यावरच्या संगणकांचे पडदे खोलीच्या मोकळ्या बाजूला असावेत, इतके बारकावे त्यात आहेत. ही नियमावली व्यवसाय म्हणून जनतेला इंटरनेट पुरवणाऱ्यांसाठी आहे आणि त्यांनी ती पाळायलाच हवी. पण तिचा नमुना नकळत सगळीकडे उचलला जातो. व्यवसाय वेगळा आणि वाचन वेगळे, हा भेद मग राहत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. आपण काय वाचतो, ही त्या हक्काच्या अगदी गाभ्याजवळची बाब आहे असे मला वाटते.

शाळेच्या संगणक कक्षातल्या नोंदवहीत नाव, इयत्ता, संगणक क्रमांक, वेळ आणि ‘काय पाहिले’ असे रकाने अनेकदा आखलेले असतात. कळफलक कोणी मोडला हे कळण्यासाठी पहिले चार पुरेत, आणि तेही आठवडाभर. पाचवा रकाना मुले ‘अभ्यास’ असे लिहून भरतात, हे आपण सर्वच जाणतो. त्याऐवजी वहीच्या शेवटी एक कोरे पान ठेवून पाहावे. गाळणीने अडवलेल्या ज्या पानाची खरोखर गरज होती त्याचे नाव तेथे लिहायचे, स्वतःचे नाव न लिहिता. महिन्याअखेरीस शिक्षकांनी ती यादी स्वतः तपासावी आणि अडलेल्यांत निर्दोष किती निघतात ते मोजावे. वरचे उदाहरण आपल्या शाळेत कितपत खरे ठरते, ते त्यावरून कळेल.